तळावरची मुलगी चौथीत

इस्लामपूरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. ऊसतोड कामगारांच्या तळावर शाळाबाह्य मुलं शोधायला गेले, तेव्हा दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. शाळेत ती कधी गेलीच नव्हती.

"बाई, आमी तर चार महिन्यांत जाणार," तिची आई म्हणाली.

"जाताना तिच्या शिक्षणाचं हमीपत्र देईन. ते दाखवलं की गावची शाळा तिला लगेच घेईल. धाकट्याला अंगणवाडीत सोडा."

वयानुसार तिला चौथीत बसवलं. रोज मधल्या सुट्टीनंतर मी तिला वेगळं शिकवायचे. मार्चमध्ये तिनं वर्गासमोर अख्खा धडा वाचला, अडखळत, पण कुणाच्याही मदतीशिवाय. तळ हलला त्या दिवशी आईनं हमीपत्रासाठी हात पुढं केला.

"माझं हाय," म्हणत मुलीनं ते स्वतःच घेतलं.