बाबांच्या हाकेला ओ

परवा सानगडीला घरी गेलो होतो. तिन्हीसांजेला बांधावर उभा होतो... आणि बाबांच्या हाकेला धानापलीकडून कुणीतरी ओ दिली. बाबा उन्हाळ्यातच गेलेत.

थांबा, नीट सांगतो. आमचा बँड साकोलीचा, मित्राच्या मोटार गॅरेजमध्ये प्रॅक्टिस करणारा. तिथेच रेकॉर्ड केलेलं आमचं एक गाणं मागे भलतंच चाललं. खरखरीत गिटार, झपाटलेला ऑर्गन आणि सगळ्यावर बदाबदा एको!

इन्फ्लुएन्स कुणाचा, असं लोक विचारायचे. आम्ही साठच्या दशकातल्या परदेशी बँडच्या गप्पा हाणायचो. खरं तर ऑर्गन आमच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकातला, भुताच्या एन्ट्रीचा. आणि मधली ती गाजलेली आरोळी बाबांची... मचाणावरून रानडुकरं हाकलताना मोबाईलवर पकडलेली.

बाबा गेल्यावर मला ते गाणं ऐकवेना. शो घेणंही सोडलं, बँडवाले वैतागले.

आईने मात्र शक्कल लढवली. धान लोंबीवर आलेलं, राखणीला माणूस नाही. तिने मचाणावर स्पीकर टांगला आणि तेच गाणं रिपीटवर लावून दिलं. म्हणाली, "डुकराले तुह्या बापाचा आवाज बरोबर समजते."

तर परवा... मचाण रिकामं आणि त्यावरून बाबांची आरोळी. धानात काहीतरी धडपडत पळालं. मग तळ्याच्या अंगाने, लांबून, "ओऽऽऽ"... अंगावर सर्रकन काटा आला राव! गाणं फिरून तिथे आलं. पुन्हा हाक, पुन्हा ओ.

आवाजाच्या दिशेने गेलो. ओ देणारे शेजारच्या शेतातले रामाजी काका निघाले. जन्मभर बाबा आणि काका आपापल्या मचाणावरून एकमेकांना हाका देत राखण करायचे. बाबांना खांदाही काकांनी दिला होता.

"काका, ते गाणं होय ना... काहून ओ देऊन राहिले?"

"मले समजत नाही का बापू? पण आवाज तं त्याचाच आहे. ओ नाही देली तं त्याले वाटन, आपून एकटाच आहो रानात."

मी तिथेच बसून ढसाढसा रडलो. काकांनी समजूतबिमजूत काही घातली नाही. पुन्हा आरोळी आली तेव्हा कोपराने ढोसलं, "दे आता तू."

मीही ओ दिली, जमेल तशी.

थँक्यू काका... बाबा गेल्यापासून मी बाबांशी बोललो तो पहिला शब्द म्हणजे ही ओ.