मधल्या बारचं कुंकू

सिंगापूरमध्ये मी बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे ट्रॅक विकतो असं सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग मी गंमत करतोय का ते बघायला थांबतात. मी गंमत करत नाही. जपानमधल्या बंद पडलेल्या स्की-उतारांवरच्या जुन्या स्नोकॅट बुलडोझरांच्या लॉटमध्ये इथल्या बंदरात येतात आणि त्यांचे सुटे भाग न्यूझीलंडला जातात. मध्ये मी. स्वतः बर्फ पाहिलाय तो फक्त आइस कचांगच्या, म्हणजे इथल्या बर्फगोळ्याच्या वाडग्यात. मुलगी म्हणते, "बाबा, नोबडी बिलीव्ज यू लाह."

स्नोकॅटचा ट्रॅक म्हणजे लांब रबरी पट्टे आणि त्यांवर बोल्टने आडवे बसवलेले पोलादी बार. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्यांची पुस्तकं मिळत नाहीत, त्यामुळे बार ओळखायचा तो भोकांमधलं अंतर मोजून. एकाच मॉडेलच्या आधीच्या आणि नंतरच्या गाड्यांत ते अंतर चार-पाच मिलिमीटरने बदलतं. मग रंग खरवडून भोक बघायचं. गोल असेल तर बार चांगला. लांबट असेल तर तो सैल बोल्टवर वर्षानुवर्षं हललेला असतो. असा बार पुढे रबर फाडतो. रबर सावलीत ठेवायचं, त्याला तेल लावायचं नाही, फुगतं. फिटर म्हणून वर्क परमिटवर आलो तेव्हा हे कुणी मला बसवून शिकवलं नव्हतं. शिव्या खाऊन शिकलो, पुढे देऊन शिकवलं.

आता तक्रारीकडे येतो. ती सहा वर्षं जपली आहे.

माझा एक भागीदार होता. पुण्याचा, गोड बोलणारा. वेगळे झालो तेव्हा गोडाऊनमध्ये एकाच जातीच्या बारचे दोन गठ्ठे होते, दोन्ही काळ्या रंगात रंगवलेले. निवड आधी मी केली, कारण वाटणीत आधी हात घालतो तो शहाणा. आठवड्याने माझा गठ्ठा लॉरीतून तोआ पायोहच्या माझ्या गाळ्यात आला. वरचे चार बार खरवडले, तर भोकं लांबट! ताडपत्री परत फेकली आणि त्याला फोन लावला. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. त्याने गठ्ठा बदलला, असं मी पुढे प्रत्येक गणपतीत, प्रत्येक बारशाला सांगितलं. निवडताना मी स्वतः खरवडून पाहिलं होतं, हेही सांगायचो. सांगता सांगता मला ते आठवायलाही लागलं.

यंदा न्यूझीलंडच्या एका म्हाताऱ्याचा निरोप आला. डोंगरावर त्याची लहानशी झोपडीवजा लॉज आहे, आणि वर सामान नेणारी जुनी स्नोकॅट ही एकच गाडी. तिच्या डाव्या ट्रॅकचे बार मोडले होते. हिवाळ्याआधी बार मिळाले नाहीत तर लॉज बंद. फोटोवर फूटपट्टी ठेवून त्याने भोकांचं अंतर पाठवलं होतं. बघताक्षणी ओळखलं. तसे चांगले बार या बेटावर एकाच माणसाकडे होते.

पासिर रिसच्या पलीकडे त्याचं गोडाऊन आहे. मला बघून तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"या साहेब. वाट चुकलात?"

आम्ही एके काळी अरे-तुरेतले. हे 'साहेब' मला चपलेसारखं लागलं.

"माझे बार न्यायला आलोय."

"तुमचे? बरं. कशावरून तुमचे?"

मी खरवडणी काढली, बार खरवडले. भोकं गोल, नवीनसारखी. "हे मी निवडलेले. तू बदललेस!"

"ओरडू नका, शेजारी चिनी आजोबा झोपलेत." मग तो हळूच म्हणाला, "लॉरी यायच्या आधी खंडेनवमी होती. वहिनी आल्या होत्या. 'आमच्या गठ्ठ्याची पूजा करते' म्हणाल्या आणि मधल्या बारला हळदकुंकू लावलं, बोल्टच्या भोकात. वर ग्रीस होतं म्हणून. आठवतंय?"

आठवत होतं. मी लगेच मधला बार ओढून काढला. भोक स्वच्छ होतं.

"पुसलंस!"

"असेल. मग तुमच्याकडचा गठ्ठा बघू या. पुरावा म्हणून ठेवलाय ना तुम्ही? सगळ्यांना सांगता."

लॉरीत तो माझ्या शेजारी बसला. गाळ्यात ताडपत्री काढली. वरचे बार मी बाजूला केले, रागाने, दोन माझ्याच पायावर पडले. मधल्या बारच्या भोकात वाळलेल्या ग्रीसमध्ये लाल रेघ होती. नखाने काढली. कुंकू. गठ्ठा बदललाच नव्हता. मी लांबट भोकांचा गठ्ठा स्वतःच्या हाताने, घाईत, न खरवडता निवडला होता.

तो हसला असता तर बरं झालं असतं. भांडायला जागा मिळाली असती.

"बार घेऊन जा," तो म्हणाला. "भाव बाजाराचा. वर एक गोष्ट. गणपतीत आरती झाल्यावर सगळ्यांसमोर सांगायचं."

"सगळ्यांसमोर? दोनशे माणसं असतात!"

"सांगताना मोजली होतीस का?"

मी पाच माणसांवर आलो. तो दीडशेवर. मी म्हणालो, आरतीनंतर लोक प्रसादाच्या रांगेत असतात, ऐकणार कोण, त्यापेक्षा लिहून देतो, लेखी जास्त टिकतं. तो विचारात पडला. "सगळं लिहायचं. खरवडलं नव्हतंस तेही."

"नावं घालणार नाही."

"तुझं घाल."

"कुणाचंच नाही."

शेवटी तो 'बरं' म्हणाला. बार गेले, म्हाताऱ्याची गाडी वर चढली, तसा फोटोही आला. मी ठरल्याप्रमाणे लिहिलं आहे, एक शब्द कमी नाही. फक्त एवढंच नोंदवतो, की त्याने दिलेल्यांतला अकरावा बार किंचित वाकडा होता, आणि तो मी खरवडून, नीट बघूनच सांगतोय.