चौदा गिलासांचा कडा

मिदेल्त या डोंगराळ शहरातल्या शाळेत उस्ताद बास्सूंनी एकतीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं. दगड शिकवायचा तर पोरांना दगडापाशी न्यायला पाहिजे, आणि शाळेकडं गाडी नव्हती. मग सुट्टीच्या दिवशी ते पोरांविनाच डोंगरात दगडांचे फोटो काढायला जायचे, हद्दूच्या टॅक्सीतून. हद्दू त्यांच्याच गावचा, लहानपणी दोघांनी एकाच माळावर शेरडं राखलेली. तो भाडं मागायचा नाही. जिथं थांबू तिथं चहा झालाच पाहिजे, एवढीच त्याची अट. डिकीत शेगडी, किटली, पुदिना, साखरेचा खडा आणि लाल-सोनेरी पट्ट्याचे सहा गिलास कायम असायचे.

फोटोतला दगड केवढा आहे हे कळायला शेजारी काहीतरी ठेवावं लागतं. बाकीचे हातोडा ठेवतात. उस्तादांचा हातोडा एका नव्या मास्तरानं नेला तो नेलाच. म्हणून त्यांनी गिलास ठेवला, आणि पुढं तोच रिवाज पडला.

पहिला डिजिटल कॅमेरा आला तेव्हा फोटो सीडीवर जायचे. प्रत्येक फोटोबरोबर प्रश्नांचा एक कागद. बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून उस्ताद सीड्या भरायचे आणि ओळखीच्या बस ड्रायव्हरांच्या हाती द्यायचे. कोणी औज्दाला न्यायचा, कोणी अगादीरला. ज्याला हवं त्यानं घ्यावं, आपल्या वर्गाला बसेल तसं कापावं, जोडावं, बदलावं, आणि चांगलं काही सुचलं तर परत धाडावं, एवढाच त्यांचा कायदा होता. सीडीची जागा पेन ड्राइव्हनं घेतली, त्याची इंटरनेटवरच्या सामायिक फोल्डरनं. एकदा कुणीतरी त्यांना एक सुरेख धडा पाठवला, नक्की वापरा म्हणून. उस्तादांनी उघडून बघितला तर गिलास ओळखीचा. त्यांचाच धडा नऊ वर्षं गावोगाव हिंडून, अंगावर नवी कापडं चढवून घरी आला होता. त्या दिवशी ते बायकोला तीनदा तेच सांगत बसले.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी उत्तरेतल्या तेतुआनहून घिझलानचा निरोप आला. ही तिकडची तरुण मास्तरीण, फोल्डर आता तीच सांभाळायची. भेगेच्या कड्याच्या फोटोवरून दोन शाळांत जुंपली होती. त्या कड्यात खडक तुटून एक बाजू खाली घसरलेली, आणि काळा थर किती घसरला ते पोरांनी मोजायचं. चौदा गिलास, इथवर दोन्ही शाळांचं एकमत. पण तेतुआनचा गिलास उंच, अकरा सेंटिमीटरचा, आणि दुसऱ्या, दक्षिणेतल्या शाळेचा बुटका. एका वर्गाचं उत्तर दीड मीटरच्या वर गेलं, दुसऱ्याचं मीटरभरच आलं. तिनं विचारलं होतं, उस्ताद, गिलास नेमका केवढा? शुक्रवारी फोल्डरमधल्या धड्यांची तपासणी आहे. माप नसेल तर हा फोटो काढून टाकावा लागेल.

उस्तादांनी कपाळावर हात मारला. हजार फोटो काढले आणि गिलासाची उंची एका ठिकाणी लिहिली नाही. मिदेल्तमध्ये गिलास म्हणजे गिलास, तो केवढा हे कोण कुणाला सांगतं? परत जाऊन मोजावं तर रस्ता रुंद करताना तो कडाच सुरुंगानं उडवलेला. आता जगात तो कडा त्या फोटोपुरता उरला होता.

आणि गिलास हद्दूचे. हद्दूला जाऊन तीन वर्षं झाली होती.

गुरुवारी सकाळी खिशात पट्टी आणि फोटोची प्रत घालून ते हद्दूच्या दारात उभे राहिले. मयताच्या दिवसानंतर ते या घराकडं फिरकले नव्हते.

इत्तोनं, हद्दूच्या बायकोनं, दार उघडलं. हात कणकेचे.

"वाट चुकलास का काय, उस्ताद?"

तिकडं मानाच्या बाईला हाक मारतात तशी हाक मारून उस्ताद म्हणाले, "लल्ला, एक गिलास बघायचा होता."

"तीन वर्सांनी आलास, आन् त्यो बी गिलास बघाया. माणूस कसं हाय ते इचारशील का न्हाई?"

उस्तादांनी खाली मान घालून विचारलं. बरी हाय म्हणाली, गुडघे सोडून. मग आत घेतलं.

सहातले दोन गिलास उरले होते. एकात जिरं होतं. दुसऱ्यानं ती ईदच्या बिस्किटांची गोल चकती कापत होती. फोटोतल्या गिलासाच्या काठाला कवडीएवढा टवका होता. बिस्किटांच्या ताटात बघितलं तर प्रत्येक चकतीला एका जागी तेवढंच नाक आलेलं. उस्तादांना हसू फुटलं.

पट्टी लावली. साडेआठ. इत्तो म्हणाली, बूड जाड हाय, खालनं मोज. खालूनच मोजलं होतं, तरी त्यांनी परत मोजलं. साडेआठच. चौदा साडेआठे एकशे एकोणीस. एक मीटर एकोणीस.

मग तिनं फोटो हातात घेतला. तो कडा असा उभा की गिलास टेकवायला जागाच नव्हती. कडेनं एक हात आत आलेला, गिलास दगडाला दाबून धरलेला. अंगठ्याचं नख काळं.

"गाडीचा जॅक पडला हुता त्येच्यावर," इत्तो म्हणाली. मग विचारलं, "किती शाळंत हाय ह्यो?"

"मोजलं नाही. पुष्कळ. काहींनी हात कापून टाकलाय, गिलासच ठेवलाय."

"का? हात काय खात हुता त्यांचं?"

उस्तादांनी तिथंच बसून घिझलानला निरोप लिहिला: गिलासाची उंची साडेआठ सेंटिमीटर. हात हद्दूचा, टॅक्सीवाला, मिदेल्त. हात कापू नये. बाकी हवं ते बदला.

निघताना त्यांनी हळूच विचारलं, हा गिलास मी नेऊ का.

इत्तोनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला, अंगरख्याला पुसला आणि कणकेवर दाबला.

"फोटू ने की लागंल तेवढं. गिलास माझा हाय. ईदला बिस्किटं घ्याया ये, उस्ताद. पट्टी घरी ठिवून ये."