पाकिटावरची कोंबडी

गावाकडे शेतात गोचीड चावली, एवढंच निमित्त झालं. पुढे काही आठवड्यांनी मटण खाल्लं की चार-पाच तासांनी माझ्या अंगावर गांधी उठायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, गोचिडीच्या चाव्याने अशी अ‍ॅलर्जी होते; आता बकरा, मेंढी, डुक्कर, गुरं, कशाचंच मांस चालणार नाही. कोंबडी, मासे खा.

तेव्हापासून नेरूळच्या दुकानात मी पाकिटं उलटी धरून वाचत उभा राहतो. हिरवी खूण असली की मांस नाही एवढं कळतं. तपकिरी खूण मात्र प्राणी कोणता ते सांगत नाही. एकदा सूपच्या पाकिटासाठी कंपनीला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, "सर, नॉनव्हेज आहे." कशाचं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. माझं मटण बंद झाल्याचं तिला फार लागलं होतं. एका रविवारी तिने कौतुकाने चिकन सॉसेज आणून तळले. पाकिटावर कोंबडीचं चित्र होतं, मीही विश्वासाने खाल्ले. चार वाजता ओठ सुजले, घसा आवळला. बायकोने रिक्षातून दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणून वाचलो.

घरी आल्यावर कचऱ्यातून पाकीट काढून वाचलं. आत कोंबडीच होती, पण वरचं आवरण मेंढीच्या आतड्याचं.

"कशानं झालं रे?" आईने विचारलं.

तिचा चेहरा बघून मी म्हणालो, "कालचे बोंबील बाधले असतील."

माझ्या त्या खोट्यामुळे तिने घरात मासे आणणंच सोडलं. महिन्याभराने फ्रीज उघडला तर तेच सॉसेज पुन्हा. मग सांगावंच लागलं.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "म्हंजे मीच घातलं तुला," म्हणाली. आणि मग, "तवाच का नाही सांगितलंस? आज परत घातलं असतं की."

हल्ली ती माझं ताट वाढत नाही. बायकोला हाक मारते, "तू वाढ गं त्याला," आणि मी जेवत असताना बाहेर गॅलरीत जाऊन बसते. मी दोनदा बोलावून पाहिलं. "जेव तू," एवढंच म्हणाली.