हुकूम नाय तं वर्दी नाय

रविवारी प्रेमाचा दिवस पहाटे चारला सुरू होई. चुलीवर भाकऱ्या झाल्या की उरलेले निखारे पितळी तांब्यात भरून ती खाकी वर्दीला इस्त्री करी. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरून एसटीच्या थांब्यापर्यंत तासभर चालायचं, मग मुरबाडला होमगार्डची परेड. सहा वर्षांत एकही चुकवली नव्हती.

होमगार्डला महिन्याचा पगार नाही. सरकारने बंदोबस्ताला बोलावलं तर त्या दिवसांचा भत्ता, आणि तेवढ्यापुरता पोलिसाइतका अधिकार. एरवी प्रेमा पाड्यावरची एक बाई. यंदा गणपतीच्या बंदोबस्ताच्या यादीत तिचं नाव होतं. त्या भत्त्यातून तिला घराची पावसाकडची भिंत विटांची करायची होती. कारवीच्या कुडाला दरवर्षी लिंपायचं आणि श्रावणापर्यंत सगळं धुऊन जायचं. वाया गेलेली मेहनत तिला सोसत नसे.

त्यातच चोरांची आवई उठली. तिचा चुलत दीर कोंडू पाच जणांना घेऊन खालच्या रस्त्यावर बांबू आडवा टाकून बसला. गडाकडे येणारे गाडीवाले त्यांना दाद देईनात. तेव्हा तो प्रेमाकडे आला.

"वैनी, तू निस्ती वर्दी घालून हुबी रा. बोलायचं आमी बघू."

"हुकूम नाय तं वर्दी नाय."

"सरकारची सून झालीस गो तू," म्हणत कोंडू निघून गेला.

दुसऱ्या दिवशी प्रेमा भातखाचरात गवत काढत होती. सासू सरस्वती धापा टाकत बांधावर आली. कुंपणावर वाळत घातलेला खाकी शर्ट नाहीसा झाला होता.

प्रेमा चिखलाच्या पायांनी रस्त्यावर उतरली. कोंडू तिचा शर्ट घालून उभा होता. बटणं लागत नव्हती, बाह्या कोपराच्या वर गेल्या होत्या. तरी समोर गाडी थांबलेली आणि गाडीवाला मुकाट्याने कागद काढत होता. प्रेमाने बांबू उचलला, गाडीवाल्याची माफी मागितली, गाडी जाऊ दिली.

"काढ."

"हितं? वैनी, आत बंडी नाय."

"काढ म्हणते ना."

कोंडू उघडाच घरी गेला. पाडा दोन दिवस हसत होता. प्रेमाला मात्र हसू येईना. वर्दीचा असा वापर झाल्याचं कळलं तर नाव यादीतून जाणार, आणि नावाबरोबर भिंतही.

पुढच्या रविवारी कोंडूलाच बरोबर घेऊन ती समादेशक साहेबांपुढे उभी राहिली. काही न लपवता सांगितलं. गाडी कुणी अडवली, साहेबांनी विचारलं. कोंडूने मान खाली घातली. बांबू कुणी उचलला, तर त्याने प्रेमाकडे बोट दाखवलं. साहेबांनी वर्दी घरात वाळवायची ताकीद दिली आणि नाव यादीत ठेवलं. कोंडूला सांगितलं, गावाला राखण हवी तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या. ते माणसं पारखून ग्रामरक्षक दल नेमतील, ओळखपत्रं देतील, काम त्यांच्या हुकमाने करायचं. मग त्याला अख्खी परेड मैदानाच्या कडेला ताठ उभं केलं.

परतताना तो पोटऱ्या चोळत म्हणाला, "निस्तं हुबं राहायला येवढी मेहनत?"

"नीट हुबं राहायचं तं लागते."

दिवाळीनंतर भत्ता हातात आला. विटा ट्रॅक्टरने रस्त्यापर्यंत आल्या, पुढची चढण डोक्यावरून. कोंडू आपल्या पाच जणांना घेऊन आला. आता सगळ्यांच्या खिशात पोलीस ठाण्याची ओळखपत्रं होती. त्याने सहा विटा उचलल्या. प्रेमाने त्यांवर आणखी दोन ठेवल्या.

गणपतीच्या बंदोबस्ताच्या भत्त्यात पावसाकडची भिंत झाली, आणि तिच्यात आतल्या अंगाला वर्दीसाठी एक खुंटी.