इंजिनाच्या तळाशी चमकणारी धूळ

हिवाळ्यात आमच्या डमडमच्या बाल्कनीत नाश्त्यानंतर ऊन येतं आणि जेवणापर्यंत रेंगाळतं. गेल्या पौषात त्या उन्हात वर्तमानपत्रं पसरून मी आमच्या जुन्या स्कूटरच्या इंजिनाची केस घासत बसायचो. केस म्हणजे इंजिनाचं कवच. अॅल्युमिनियमचे दोन अर्धे, शिंपल्यासारखे एकमेकांवर मिटणारे. आतलं फिरणारं सगळं काढून गॅरेजच्या मिस्त्रीने स्वतःकडे ठेवलं होतं आणि ही दोन शकलं माझ्या पिशवीत घालत म्हणाला होता, "दादू, ये तो आप ही साफ कर लीजिए. आपके पास टाइम है, हमारे पास नहीं है."

स्कूटर कित्येक वर्षं जिन्याखाली पडून होती. सोसायटीला ती जागा हवी झाली, तेव्हा बायको म्हणाली, "भंगारात देऊन टाका." मी म्हटलं, देण्याआधी एकदा चालू करून बघू.

"चालू करून जाणार कुठे? कागद कधीचे संपलेत तिचे."

"कुठे नाही. नुसती चालू करायची."

"रिटायर झालेल्या माणसांना असंच असतं," ती म्हणाली. "जायचं कुठे नाही, पण चालू राहायचं."

घासण्याचं काम संथ असतं. रॉकेलमध्ये जुना टूथब्रश बुडवायचा, थोडं चोळायचं, थांबायचं. वरचा थर मऊ होऊन सुटतो, खाली दुसरा निघतो. दोन अर्धे जिथे जुळतात त्या कडेवर जुन्या गॅस्केटचा कागद चिकटलेला असतो. तो लोखंडाने खरवडायचा नाही, ओरखडा पडला की तिथून इंजिन हवा खातं. मी त्यासाठी आइस्क्रीमच्या काड्या घासून धारेच्या केल्या होत्या. विमानतळ जवळच, डोक्यावरून विमान उतरायला लागलं की वाडग्यातल्या रॉकेलवर बारीक वर्तुळं उठत. विमान जाई, वर्तुळं विरत, आणि मी कुठे आहे ते मला क्षणभर कळत नसे. हातावर येणारा काळा चिखल गार्डन रीचच्या रस्त्यावरचा असावा असं वाटे. आम्ही तेव्हा तिथे, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचो. मी रेल्वेच्या यांत्रिक खात्यात होतो आणि स्कूटर आम्हा दोघांची होती.

खरं तर माझ्यापेक्षा तिची जास्त. पदर कमरेला खोचून, पर्स पुढच्या हुकाला अडकवून ती निघायची. फोर्ट विल्यममध्ये तिची एक मैत्रीण होती, लष्करातल्या मराठी अधिकाऱ्याची बायको. आठवड्यातून एकदा खिदिरपूरचा पूल ओलांडून ही तिच्याकडे जायची. थंडीत मैदानावर धुकं असायचं. एकदा मी बसमधून तिला पाहिलं. धुक्यात आधी स्कूटरचा दिवा दिसला, मग निळी साडी, मग हसरा चेहरा. ती एकटीच होती आणि हसत होती. तिने मला पाहिलं नाही. अजूनही डोळे मिटले की कधी कधी ती त्या धुक्यातून येते आणि बसच्या बाजूने निघून जाते.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. बाहेर पडताना आमची ही जिन्यातून परत फिरते. गॅस बंद केला का, ते बघायला. बंद असतोच. पुन्हा चार पायऱ्या उतरते आणि कुलूप ओढून बघायला वर जाते. मी खाली उभा राहून वर्षानुवर्षं हसलो आहे. गेल्या वर्षापासून मात्र तिला शब्द आठवेनासे झाले. 'किसणी' म्हणायचं असतं आणि हात नुसता हवेत खालीवर होतो. या वयात होतं असं. पण ती घाबरली. डॉक्टरांपुढे बसून म्हणाली, "माझं आधीपासूनच असं आहे. तरुणपणी एकदा स्कूटरमध्ये तेल घालायला विसरले, इंजिन जाम झालं, पडले. तेव्हापासूनच सुरू झालंय बघा हे."

डॉक्टर मान हलवत लिहीत राहिले. मी शेजारच्या खुर्चीत होतो. मी काही बोललो नाही.

जुन्या स्कूटरना पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागे. तेल नसेल तर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं. ती पडली त्या आठवड्याच्या सुरुवातीला तिने थोडं पेट्रोल भरलं होतं आणि पंपावरच्या माणसाला तेल घालायला सांगितलं होतं. नंतर ऑफिसातून येताना स्कूटर रिझर्व्हला लागली म्हणून मी टाकी भरली. पंपावरच्या तेलावर माझा विश्वास नसे. मी इंजिनांचा माणूस, माझा स्वतःचा डबा घरी असे. घरी गेल्यावर घालू म्हटलं आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी मी बसने गेलो, ती स्कूटर घेऊन फोर्ट विल्यमकडे निघाली. हेस्टिंग्जच्या वळणावर चाक जाम झालं.

संध्याकाळी घरी आलो तर ती खिडकीपाशी बसली होती. कोपराला पट्टी, हनुवटीला खरचटलेलं. तिच्या मागे खिडकीत तेलाचा नवा डबा होता, सील न फोडलेला. तो मला दिसला, आणि तो दिसत असतानाच मी विचारलं, "परवा तेल घालायला सांगितलं होतंस ना?"

ती विचारात पडली. "सांगितलं होतं," म्हणाली. मग जरा वेळाने, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'मध्ये मी शिरलो आणि आतून कडी लावली. मी टाकी भरल्याचं तिला माहीतच नव्हतं. ती झोपल्यावर डबा माळ्यावर टाकला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण त्या वर्षी गणपतीत मराठी मंडळी जमली आणि कुणीतरी तिच्या हनुवटीचं विचारलं. मी किस्सा रंगवून सांगितला. मग तो दरवर्षीचा झाला. जेवायला बसलेलं कुणीतरी म्हणायचं, "वहिनी, आमटीच्या फोडणीत तेल आहे ना? की मिस्टरांना बोलवू तपासायला?" ती हसायची आणि वाढायची. इंजिन दुरुस्त झालं तरी स्कूटरला तिने परत हात लावला नाही. "नको, माझं लक्ष राहत नाही," म्हणायची.

तर त्या पौषातल्या सकाळी ती चहा घेऊन बाल्कनीत आली आणि माझ्या शेजारी पाटावर टेकली. जुन्या साडीच्या चिंध्या तिनेच फाडून दिल्या होत्या. एक उचलून केसचा दुसरा अर्धा पुसायला लागली. तळाच्या खोबणीत तेलाचा घट्ट झालेला गाळ होता. तिने बोटाने तो काढला, उन्हात धरला.

"अहो, हे काय चमकतंय? वर्खासारखं?"

काळ्या गाळात रुपेरी कण होते. तेव्हा दुरुस्तीत फक्त वरचा सिलिंडर उघडला होता, केस कुणी उघडलीच नव्हती.

"पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे," मी म्हटलं. "घासून निघालेलं."

"त्या दिवशीचं?"

"हो."

"म्हणजे माझंच की," ती हसत म्हणाली आणि बोट चिंधीला पुसू लागली.

मी तिचा हात धरला. "पुसू नकोस. तुझं नाही ते. माझं आहे."

मग सगळं सांगितलं. टाकी, डबा, खिडकी, माळा. सांगताना तिच्याकडे बघवेना, म्हणून तिच्या बोटाकडे बघत राहिलो. विमान आलं. रॉकेलवर वर्तुळं उठली. वर्तुळं विरली तशी तिने विचारलं,

"म्हणजे पंपावरच्या माणसाने तेल घातलं होतं?"

"घातलं असणार."

"मी सांगितलं होतं त्याला. मला चांगलं आठवत होतं. त्याने कपाळाला आडवं गंध लावलं होतं, ते पण आठवत होतं." ती थांबली. "तुम्ही विचारलंत आणि पुसलं गेलं."

मी तिचा हात सोडला.

"डॉक्टरांसमोर तरी बोलायचंत."

"हो."

"हो काय? मी रात्र रात्र विचार करते, उद्या तुम्हाला ओळखलं नाही तर काय होईल." तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आता ओळखलं मात्र."

त्या दिवशी ती माझ्याशी फारसं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ज्यांच्यासमोर हसलात, त्यांच्यासमोर सांगा." मी म्हटलं, ती माणसं आता इथे आहेत कुठे? कुणाची नागपूरला बदली झाली, कुणी पुण्याला घर घेतलं, कुणी देवाघरी गेलं. किस्सा प्रत्येकाने सोबत नेला. आता तो कुठल्या कुठल्या जेवणाच्या टेबलावर सांगितला जात असेल, देव जाणे.

"मग लिहा," ती म्हणाली. "वाचतील."

म्हणून लिहितो आहे. वहिनी तेल विसरल्या नव्हत्या. तेल मी विसरलो होतो, आणि ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. डॉक्टरांना पुढच्या भेटीत सांगितलं. ते म्हणाले, तपासण्या होतीलच, पण ही गोष्ट आपण खोडून टाकू. त्यांनी कागदावर रेघ मारली, ती तिने वाकून पाहिली.

मिस्त्रीने इंजिन जोडलं. स्वच्छ केस स्कूटरखाली अशी उजळली होती की बाकीची स्कूटर तिच्यापुढे म्हातारी दिसत होती. सोसायटीच्या आवारात आम्ही ती स्टँडवर लावली. मी पेट्रोलचा कॅन धरला. तिने मापाने तेल मोजलं, माप उन्हात धरून पाहिलं आणि टाकीत ओतलं.

"घातलं," ती मोठ्याने म्हणाली. "बघितलंत?"

"बघितलं."

"विचारू नका परत."

मिस्त्रीने किक मारली. काही वेळ नुसताच खोकला, मग इंजिनाने सूर धरला. निळसर धूर आवारभर पसरला. त्या धुरात ती जाऊन सीटवर बसली, पदर कमरेला खोचला, हँडल धरलं. स्कूटर कुठेच जाणार नव्हती. मी भिंतीपाशी उभा होतो आणि धुक्यातून आधी दिवा दिसला, मग साडी. या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही, पण पाहत राहिली.

संध्याकाळी बाजारात जाताना ती जिन्यात थबकली. वर दाराकडे पाहिलं. मी खाली उभा होतो, आणि मलाच वाटलं, जाऊन बघून यावं.

"बंद केलाय," ती म्हणाली आणि उतरायला लागली.

मी वर गेलो नाही.