हयातीचा दाखला

सगळे त्यांना इस्त्रीवाल्या मावशी म्हणत. म्हणजे म्हणणारे होते तोवर. परदेशातल्या एका इस्पितळाच्या तळघरात त्यांनी अठरा वर्षं डॉक्टरांच्या कोटांना इस्त्री केली. आधी कॉलर, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. कडक कोट वर जायचे, पण ते घालणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड मावशींनी कधी पाहिलं नाही. त्यांनी तरी मावशींचं कुठे पाहिलं होतं?

त्या देशाची पेन्शन आता त्यांना इथे मिळते. अट एकच: वर्षातून एकदा कचेरीत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचं. लोक या अटीच्या नावानं बोटं मोडतात. मावशी मात्र आठ दिवस आधीपासून तयारीला लागायच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही, भाच्याचा फोन आला तर आला. कचेरीतल्या कारकूनबाई खिडकीतून त्यांच्याकडे नीट बघत, चेहरा फोटोशी ताडून पाहत आणि म्हणत, "वाळलात हो मावशी. जेवता ना वेळेवर?" वर्षभरात असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर मावशी पेन्शनपेक्षा या चौकशीसाठीच जात.

यंदा बाईंनी फॉर्म हातात घेतलाच नाही. मान वर न करताच म्हणाल्या, "सुंठीवाचून खोकला गेला, मावशी! दोन्ही सरकारांचा करार झालाय. इथली नोंद तिकडे आपोआप जाते. आता हेलपाटे बंद, घरी आरामात बसायचं."

घरी बसून बसूनच तर जीव आंबला होता. दोन देशांची मोठी माणसं एका टेबलाशी बसली, हजारो म्हाताऱ्यांची पायपीट वाचवली, चांगलंच केलं. पण त्यात एकीला ती पायपीटच हवी असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी कसं यावं?

"आणि मी मेले तर?" मावशींनी विचारलं.

"तेही त्यांना कळतं. मृत्यूची नोंद झाली की पेन्शन बंद."

"नोंद कोण करणार?"

"घरचे करतात की."

"घरी मीच आहे, बाई. म्हणजे मी मेले तरी तुमच्या करारात जिवंतच राहणार!"

मागे रांगेत कोणीतरी खळखळून हसलं. बाईंनी पुढच्या माणसाला खूण केली. मावशींनी मात्र वळून त्या हसणाऱ्याकडे पाहिलं. आपलं बोलणं कोणीतरी ऐकलं, एवढ्यानंही त्यांना बरं वाटलं.